पडद्यावर मावतील तेवढेच

३ मार्च, सोमवार

आज नोकरीवर रुजू झालो. वृद्धाश्रमाचं कार्यालय म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. पण खिडकी आहे, पंखा आहे आणि खुर्चीचे चारही पाय शाबूत आहेत. इथलं स्वयंपाकघर आत्या सांभाळते. तिनेच आश्रम चालवणाऱ्या मॅडमच्या मागे लागून मला चिकटवलं. आईबाबांच्या पश्चात वाढवलंही तिनेच, त्यामुळे कॉलेज अर्धवट सोडल्याचं बोलून दाखवायचा हक्कही तिचाच. आज सगळ्यांसमोर म्हणाली की पोरगा शिकला नाही फारसा, पण ऱ्हस्वदीर्घ चुकेल तर शपथ.

काम एकच आहे. इथे जेवणाऱ्या सगळ्यांची माहिती एका जुन्या प्रोग्रॅममध्ये आहे. तो उघडला की रकान्यांचा तक्ता येतो, त्याला ग्रिड म्हणतात. एका माणसाची एक ओळ: नाव, खोली, औषध, पथ्य, नातेवाईक. आधी आला तो वर, म्हणून सगळ्यांत वर आत्या. मॅडम रोज ग्रिड बघून स्वयंपाकघरात ताटं सांगतात. ते उघडायला इतकं रेंगाळतं की तोवर आमचे म्हातारे उपाशी मरतील, असं त्या म्हणाल्या. मी ते वेगवान करायचं.

५ मार्च, बुधवार

दोष सापडला. प्रोग्रॅम सगळ्यांची माहिती एकदम मागवत होता, आणि पडद्यावर तर थोडेच मावतात. मी बदल केला: दिसतील तेवढ्याच ओळी मागवायच्या, खाली सरकवलं की पुढच्या आणायच्या, वरच्या सोडून द्यायच्या. आता चुटकीसरशी उघडतं. जुनी प्रत पुसून टाकली. दोन प्रती असल्या की मला झोप लागत नाही. 'पथ्थ्य'चं 'पथ्य'ही केलं.

दिवसभर कानाला रेडिओ लावून फिरणारे एक आजोबा आहेत, त्यांना सगळे रेडिओकाका म्हणतात. ते मुद्दाम आले आणि म्हणाले की बाळा, जमलं तर या बातम्याही जरा वेगवान कर, शेवट ऐकेपर्यंत टिकेन की नाही शंका आहे.

७ मार्च, शुक्रवार

दुपारी व्हरांडा शांत. आत्याला विचारलं, रेडिओकाका दिसत नाहीत. तिने उलट विचारलं की कोण रे काका? थट्टा वाटली. मॅडमही म्हणाल्या, ती खोली कितीतरी दिवस रिकामीच आहे.

ग्रिड पाहिलं. मॅडमनी सकाळी वरचा भाग उघडून तसाच ठेवला होता. मी खाली सरकवलं. काकांची ओळ आली, आणि व्हरांड्यात रेडिओ लागला.

मग करपल्याचा वास आला. स्वयंपाकघरात पातेलं जळत होतं आणि तिथे कोणी नव्हतं. धावत येऊन ग्रिड वर सरकवलं. आत्याचा आवाज आला, माझ्या पातेल्याची वाट कोणी लावली म्हणून. रेडिओ बंद.

१० मार्च, सोमवार

जुन्यासारख्या सगळ्या ओळी एकदम मागवून पाहिल्या. पडद्यावर होत्या तेवढ्याच आल्या. बाकीच्या सरकवल्याशिवाय येत नाहीत, आणि परत येताना प्रत्येकाचं काहीतरी गळतं. काकांच्या ओळीत खोली कोरी आहे; ते दारोदार थांबून विचारतात की बाबांनो, माझी खाट कुठली. आत्याच्या ओळीत औषध कोरं. मी गोळ्या पुढे केल्या तर म्हणाली, मला काय धाड भरली आहे? शेवटी खाल्ल्या, माझ्यावर उपकार म्हणून.

अक्षरं बारीक केली. ओळी दाटल्या. आणखी बारीक केली. आता सगळे एकदम दिसतात. शेवटची ओळ पडद्याच्या काठाला टेकली आहे.

१२ मार्च, बुधवार

थकलो. खुर्ची सोडत नाही. कोणाचा धक्का लागून ग्रिड सरकलं तर काय करू? डोळ्यांतून पाणी येतं. मॅडमनी विचारलं की मुंग्या पाळल्या आहेस का पडद्यावर. मग म्हणाल्या की तुझं नाव यादीत नाही, म्हणून तुझं ताट राहून जातं, घालून टाकते. मी हात जोडले, नको म्हटलं. त्या हसल्या. लाजतोस काय, म्हणाल्या.

१३ मार्च, गुरुवार

तोंडावर पाणी मारायला उठलो, तेवढ्यात मॅडमनी माझं नाव घातलं. प्रेमाने घातलं. नवी ओळ घातली की ग्रिड आपोआप खाली सरकतं.

शेवटी मी आहे. वर आत्या नाही.

स्वयंपाकघराला कुलूप. जेवण पहिल्यापासून बाहेरूनच येतं, असं मॅडम म्हणतात. मला कोणी वाढवलं, विचारलं. त्यांना कसं माहीत असणार, असं म्हणाल्या.

अक्षरं याहून बारीक होत नाहीत. एका माणसाची जागा कमी — एकाच माणसाची. काकांची ओळ पुसली तर होईल. ते दाराशी बसले आहेत, बाळा दमलास का, असं विचारतात.

नाही पुसणार.

१४ मार्च, शुक्रवार

माझी ओळ पुसली काय, पडद्याबाहेर गेली काय — पण बाहेर गेली तर कोणीतरी कधीतरी खाली सरकवेल. कदाचित. का सरकवेल?

आणखी एक दिवस थांबलो तर आत्याचं आणखी काय गळेल माहीत नाही.

वर सरकवलं.

कुलूप निघाल्याचा आवाज. भांडी. तीच आहे — तीच, कोणावर तरी खेकसते आहे —

आत्या आली. हातात चहाचे दोन कप. एक मॅडमसमोर ठेवला. दुसरा माझ्यासमोर ठेवला, मग उचलला. मॅडमना म्हणते आहे की बघा माझं वय झालं, दुसरा कोणासाठी आणला तेच आठवेना, या खुर्चीवर तर कोणी बस