सीपीयूचं कव्हर

बाबा,

दोनदा तुमच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. माझ्या लग्नाला येणार नाही, कॉम्प्युटरवरच बघेन म्हणालात ना, मग लिंक उघडून ठेवलीय. सीपीयूला तुम्ही शिवलेलं जाड कव्हर काढलंय. त्यानेच तो तापतो आणि व्हिडिओ अडकतो. धूळ बसली तर बसू दे, आज पुन्हा घालू नका! बाकीचे टॅब बंद केलेत, ते उघडू नका. तरी अडकलाच, तर चाकाच्या खुणेवर क्लिक करून क्वालिटी कमी करा. चित्र धूसर होईल, पण थांबणार नाही.

घरात शिंपी असून ड्रेस बाहेर शिवून घेतला. डावा खांदा ओढतोय. धूसर चित्रात ते तुम्हाला दिसणार नाही.

सुईदोरा पर्समध्ये घेऊन चाललेय. मला साधा टाकाही घालता येत नाही, माहितीये ना?

— चिमणी