विहिरीवरच्या इंजिनाबाबत

मी, प्रेम तुळशीराम अवचार, वय चोवीस, शिक्षण नववी नापास, राहणार डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा, सध्या अरुणाचलात बोगद्याच्या कामावर पंप ऑपरेटर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाशिवाय लिहून ठेवतो. सोमवारपासून माझी ड्यूटी बोगद्याच्या पार आतल्या तोंडाशी आहे. कंपनीनं वारसाचा फॉर्म भरून घेतला, पण त्यात इंजिनासाठी रकाना नव्हता.

१. बँकेतले पैसे आई अन्नपूर्णाबाईला. मोबाइल बहीण प्रतीक्षाला, फोटो न पाहता पुसून वापरावा.

२. चौदा-पंधरा नंबरचा पाना मी मेहकरहून आणला होता. तो बाबांनी माझ्या हातातून हिसकून विहिरीत फेकला. विहीर आटून सापडला तर तो बाबांचा. त्या पान्याचा राग मी तीन वर्षं धरला, आता सोडतो.

३. विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आजोबा उकंडरावांनी हयातीत मला दिलं, म्हणून ते माझं. ते मी बाबांना देतो. अट एकच, भंगारात घालायचं नाही. प्रतीक्षा फोनवर सांगत होती, "बाबानं भंगारवाल्याले दसऱ्याच्या आत बोलावलं. म्हणते, बंद इंजिनाची पूजा कायले करा?"

४. हे आणि पुढचं कलम आईसमोर वाचू नये. हा कागद मी माझे चुलते चंद्रशेखरकाका यांना पोस्टानं पाठवतो, त्यांनी बाबांना विहिरीवर नेऊन वाचून दाखवावं, आणि मी मरायची वाट पाहू नये. फोनवरच सांगितलं असतं, पण बाबा माझ्याशी बोलत नाहीत, आणि घरातला फोन आईजवळ असतो. ती स्पीकरवरच बोलते.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिन बसलं. दोन मिनिटं चाले अन् बंद. मग कितीही हँडल मारा, नुसती फुसफुस. दोन दिवस आधी मी नोझल खोलून साफ केलं होतं. बाबा मजुरांसमोर म्हणाले, "तुह्या हाताले चैन हाय का बे? चांगलं चालू होतं, काऊन खोललं?" मी म्हणलो, "नोझलनं नाही होऊन राह्यलं, बाबा." पाना विहिरीत गेला, मी सुरतेला गेलो. मग हैदराबाद, मग इकडे.

मागच्या महिन्यात इथला पंप तसाच करू लागला. डिझेलच्या टाकीचं झाकण ढिलं केलं तर सुस्स करून हवा आत गेली आणि पंप सुरू झाला. झाकणाला हवेसाठी सुईएवढं छिद्र असतं, त्यात चिखल बसला होता. तेव्हा मला दसरा आठवला. आईनं इंजिनाच्या पूजेत ओलं कुंकू लावून तांदूळ चिकटवले होते, बरोबर टाकीच्या झाकणावर. मी विचारलं, "तिथं काऊन वं माय?" ती म्हणाली, "कपाळ हाय ना ते त्याचं."

बाबा, गोधडीच्या सुईनं छिद्र मोकळं करा. डिझेल पंपाचा स्क्रू ढिला करून हवा काढा. फेस जाऊन नुसतं डिझेल आलं की आवळा, अन् हँडल मारा. चालू होईल.

५. यंदाची पूजा आईनंच करावी. कुंकू चाकाला लावायला सांगावं, कारण सांगू नये. इतके दिवस काय बिघडलं होतं असं तिनं विचारलं, तर बाबांनी म्हणावं, पोरानं नोझल खोलून बिघडवलं होतं. माझी हरकत नाही.

लिहिलेलं दोनदा वाचलं, खाडाखोड केली नाही, सही करतो.

प्रेम तुळशीराम अवचार

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही केली:
अश्वजित इंगळे, रा. सोनाळा, ता. संग्रामपूर
शिवम निकस, रा. मेहकर

ठिकाण: बोगदा साइट, खोली नंबर सात, अरुणाचल प्रदेश
तारीख: १३ सप्टेंबर २०२५