दंडातली शिफ्ट

३ मार्च
नात झाली! नाक थेट माझं. बाकी रडणंबिडणं कुणावर गेलंय ते मी बोलत नाही.
मुलगा म्हणतो, आई, तुझा हात थरथरतो, बाळाला पलंगावर बसूनच घे, दोन्हीकडे उशा लावून. अरे, तुला कडेवर घेऊन मी अख्खं घर झाडलंय! तर हसला. रविवारी विहीणबाई येणारेत, सुनेची आई. त्यांच्यादेखत बाळाला उभ्याने खांद्यावर झोपवणार. ठरलं.

४ मार्च
लेकीची लेक फिजिओथेरपी शिकते. तिला फोन लावला. म्हणाली, आज्जी, हलकं ओझं खूप वेळ धरलं की दंडातल्या स्नायूचे सगळे धागे एकदम राबत नाहीत. थोडे राबतात, थोडे आराम करतात, मग बदली. कारखान्यातल्या शिफ्टसारखं. पुढेही काहीतरी सांगत होती, पण मला कळलं तेवढं पुरे. फोन ठेवला. आत शिफ्टा आहेत तर मला विश्रांती कशाला?

५ मार्च
बाळाच्या वजनाची पिठाची पिशवी टॉवेलात गुंडाळून खांद्यावर घेतली. मालिका संपेपर्यंत धरली. जाहिराती सोडून.

६ मार्च
सून विचारते, आई, पिठाला का थोपटताय? म्हटलं, झोपत नाहीये.
हात जास्तच कापतोय. शिफ्ट बदलताना दारात गर्दी होणारच.

८ मार्च, रविवार, सकाळी
हात गरम राहावा म्हणून उजाडल्यापासून पिशवी घेऊन फिरतेय. एकदाही खाली ठेवली नाही. या म्हणावं आता विहीणबाईंना!

८ मार्च, संध्याकाळी
अक्षर थोरल्या नातीचं आहे, त्या फोनवालीचं. बाळ बघायला आलीय. मी सांगतेय, ती लिहितेय. माझ्या बोटांत पेन राहत नाही.
बाळाला घ्यायला गेले तर दंड वरच येईनात. सगळ्या शिफ्टा एकदम सुट्टीवर. मग विहीणबाईंनी घेतलं. जरा या खांद्यावर, जरा त्या खांद्यावर, मध्येच भिंतीला टेकून. चक्क लबाडी! बाळही फितूर, गाढ झोपलं. नात म्हणते, आज्जी, फोनवर पुढे हेच सांगत होते, अधूनमधून खांदा बदलायचा. हे लिहू नकोस म्हटलं. लिहिलंच बघा.
शेवटी मला पलंगावर बसवून बाळ मांडीवर दिलं. जांभई देते तीसुद्धा किती गोड! उशा विहीणबाईंनीच लावल्या, आणि लावता लावता म्हणाल्या, नाक अगदी माझ्यावर गेलंय हो.
एक उशी फेकून मारणार होते. हात उचलेना.