अठरा खेपांचं सागवान

ताडकळस,
रविवार दुपार

चि. नागेशला,

ताईचा आशीर्वाद. पोस्टानं येतोय म्हणून चार दिवस उशिरा लागेल, पण लागेल. तुझी पाठ आता कशी आहे? ऑफिसात बसताना मागं उशी घेतोस का? चि. सौ. प्रियांकाला सांग, तिनं पाठवलेलं ब्लड प्रेशरचं यंत्र अख्ख्या गल्लीत फिरून परवा परत आलं. माझं सोडून सगळ्यांचं मोजून झालं. माझी तब्येत चांगली आहे. चांगली म्हणजे, गेल्या आठ महिन्यांत हरिओमशेठ ठेकेदारानं जेवढी बिघडवता येईल तेवढी बिघडवून बघितली, तरी चांगली आहे. तू म्हणशील फोन का केला नाहीस. केला होता, तीन वेळा. तिन्ही वेळा "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून तू ठेवून दिलास. पत्राचं बरं असतं, त्याला मधेच ठेवून देता येत नाही.

तर बातमी अशी, की आम्ही जिंकलो. साधंसुधं नाही, वाजतगाजत जिंकलो. पण पहिल्यापासून सांगते, कारण तू पुण्यात मोठमोठ्या इमारतींच्या खर्चावर लक्ष ठेवायचा पगार घेतोस आणि तुला यातून शिकण्यासारखं लय आहे.

आमचा शेळी-मेंढी पालक महिला संघ तुला माहीत आहे. (पंचायत समितीतून रिटायर झाल्यावर मला घरात बसवेना, म्हणून मी त्याची सचिव झाले. अध्यक्ष कासाबाई. तिनं उभा जन्म मेंढरांमागं काढला, सही करताना तिची जीभ बाहेर येते, पण हिशेबात ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.) दोनशे बारा बायकांनी अकरा वर्षं दर महिन्याला टाकलेल्या पैशातून आम्ही बाजाराच्या कडेची जुनी आडत विकत घेतली. दगडी भिंती चांगल्या हातभर रुंद, पण वरचं मातीचं माळवद पार बसलेलं, आत वटवाघळं. ठरलं असं, की माळवद उतरवून स्लॅब टाकायचा, आत बैठकीचा हॉल, लोकर ठेवायला एक खोली, आणि शेळ्यांना टोचायला येणाऱ्या डॉक्टरला बसायला एक खोली. काम पूर्णेच्या हरिओमशेठला दिलं, नऊ लाख चाळीस हजारांत, ठोक.

तेव्हा तू म्हणाला होतास, "ताई, आमच्या वकिलाकडून मसुदा करून पाठवतो." मी म्हणाले, मला नको शिकवू. छत्तीस वर्षं मी सरकारी कागद लिहिले. माझी टिपणी वाचून तीन बीडीओ आजारी रजेवर गेले. मी स्वतः करार लिहिला, अकरा पानांचा, बावीस कलमांचा, पाचशेच्या स्टॅम्पवर. हरिओमशेठनं शेवटचं पान उलटलं, सही केली, चहा पिला आणि म्हणाला, "ताई, अक्षर लय सुंदर हाय तुमचं." मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. पण अक्षराचं कौतुक म्हटलं की माझं काय होतं ते तुला माहीत आहे.

पहिली लढाई मोहोळाची झाली. आडतीच्या मागच्या कोपऱ्यात आग्या मोहोळ होतं, सुपाएवढं. काम सुरू झालं, घाव बसला आणि माश्या उठल्या. सहाच्या सहा मजूर बाजारातून पळाले ते थेट एसटी स्टँडपर्यंत. पुढचे नऊ दिवस कुणी आत पाऊल ठेवीना. शेवटी कासाबाईच्या दिराला, बजरंगला, बोलावलं. त्यानं गोवऱ्यांचा धूर करून पोळं उतरवलं. मध निघाला, तो त्याच मजुरांनी बसून खाल्ला, आणि महिन्याअखेर हरिओमशेठचं बिल आलं: "माश्यांमुळे नऊ दिवस खाडा, सहा मजूर, बत्तीस हजार चारशे." मी करार काढला. कलम सहा: ठेकेदाराने जागा स्वतः पाहिली असून आहे त्या स्थितीत त्यास ती पसंत आहे. तो म्हणाला, मोहोळ कुठं दिसलं होतं आपल्याला? मी माझा फोन पुढं केला. करार झाला त्या दिवशी त्यानं स्टेटसला स्वतःचा फोटो टाकला होता, "नवीन काम, नवी सुरुवात" असं लिहून. गॉगल लावून उभा आणि बरोबर डोक्यावर मोहोळ. (मी तो फोटो कामाला येईल म्हणून नाही, गॉगल बघून हसू आलं म्हणून जपून ठेवला होता. पण हे त्याला कशाला सांगू?) बिल नामंजूर. मधाचे पैसे मी मोठ्या मनानं सोडून दिले.

दुसरं वाढीव काम गिलाव्याचं. मागची भिंत पोटातून फुगलेली निघाली, गिलावा दुप्पट जाड बसला, असं त्याचं म्हणणं. मी स्वतः स्टुलावर चढून ओळंबा सोडला. खरंच होतं. जेवढं मोजात आलं तेवढं त्याच दिवशी मंजूर केलं. खरं असेल ते अडवायचं नाही. नाहीतर आपण खोटं म्हणतो तेव्हा कुणी ऐकत नाही.

आणि मग आली तिसरी गोष्ट.

माळवद उतरवलं तेव्हा आतून काय निघालं म्हणून सांगू! मातीखाली सगळं सागवान. बावीस तुळया, खांब, फळ्या, शिवाय चार दारं, पितळी कड्यांसकट. आजच्या भावानं अडीच लाखांच्या खाली नाही. बायका हात लावून लावून बघत होत्या. त्यातून हॉलच्या खिडक्या-दारं करायची आणि उरलेलं विकून फरशी घालायची, असं ठरलं. हरिओमशेठ म्हणाला, इथं उघड्यावर चोरी होईल, माझ्या यार्डात नेऊन ठेवतो. राडारोड्याबरोबर ट्रॅक्टरनं अठरा खेपा झाल्या. चार महिन्यांनी स्लॅब वाळला, सुतार बोलावला आणि मी शेठला फोन केला, लाकूड पाठवा. तो गोड आवाजात म्हणाला, "ताई, लाकूड कुठलं? तुमचंच चौदावं कलम वाचा की."

वाचलं. माझ्याच सुंदर अक्षरात लिहिलं होतं: "इमारत उकलताना निघणारा सर्व माल ठेकेदाराने उचलून न्यावा." मला म्हणायचं होतं राडारोडा. दगडमाती. पण मी लिहिलं "सर्व माल". कामून लिहिलं? कारण "राडारोडा" हा शब्द मला कार्यालयीन वाटला नाही.

पूर्णेला जाऊन एका वकिलाला कागद दाखवला. त्यानं कलम दोनदा वाचलं, "भाषा अगदी स्पष्ट आहे" म्हणाला आणि फी घेतली. जिथं कासाबाई मेंढरं घेऊन जाते तो रस्ता मी सोडला, मागच्या गल्लीनं जायला लागले. पेन्शनमधून महिन्याला किती दिले तर अडीच लाख किती वर्षांत फिटतील याचं गणित केलं. उत्तर माझ्या वयाला परवडणारं नव्हतं. त्यात फाईल चाळताना आणखी एक पाप सापडलं. खेपांची मजुरी मी पहिल्याच बिलात देऊन बसले होते. खेपेला बाराशे, अठरा खेपांचे एकवीस हजार सहाशे. नेणं त्याचंच काम होतं, तरी वरून पैसे दिले! ते व्हाउचर मी फाईलच्या पार तळाशी सरकवलं आणि वर कोटेशनं ठेवली.

शेवटच्या बिलाची बैठक नव्या हॉलमध्येच झाली, जमिनीवर सतरंज्या टाकून. शंभरेक बायका. हरिओमशेठ डायरी घेऊन आला, खुर्ची मागितली, मिळाली नाही, मांडी घालून बसला. मी उभं राहून सगळं कबूल केलं. म्हणाले, चौदावं कलम मी चुकीचं लिहिलं, लाकूड माझ्यामुळं गेलं.

मग कासाबाई बोलली. माझ्याशी नाही, हरिओमशेठशी.

"शेठ, मी धा वरीस लोकायची मेंढरं चारली. मजुरी घ्यायची, मेंढरं रानात न्यायची. मला सांगा, मजुरी मी घेतली तर मेंढरं कुणाची? माझी का मालकाची?"

"मालकाचीच की, मावशी," शेठ हसून म्हणाला.

"मंग आमची लाकडं तुमच्या वाड्यात न्यायची मजुरी तुमी घेतली का न्हाई?"

शेठचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. कासाबाई माझ्याकडं वळली. "बाई, वैशाखाच्या बैठकीत तुमी खर्च वाचून दाखवलाव. अठरा खेपा, बाराशेनं. मला वाचता येत न्हाई मनून मी ऐकलेलं इसरत न्हाई. काडा तो कागद."

मी फाईल उलटी केली. तळातून व्हाउचर निघालं. आणि नागेश, त्यावरचा तपशील मी मोठ्यानं वाचला तेव्हा माझाच आवाज मला ओळखू येईना: "संघाच्या मालकीचे सागवानी लाकूड, दारे व राडारोडा ठेकेदाराच्या यार्डात नेऊन ठेवण्याची मजुरी, खेपा अठरा." खाली रेव्हेन्यू तिकीट, तिकिटावर हरिओमशेठची आडवी सही. छत्तीस वर्षांची सवय. तपशील पूर्ण लिहिल्याशिवाय मी कधी एक रुपया कुणाला दिला नाही. द्यायला नको होते ते पैसे मी दिले होते, पण व्यवस्थित दिले होते!

शेठ म्हणाला, वाचलं नव्हतं. एक बाई मागून ओरडली, "अक्षर तर लय सुंदर हाय की!" आणि हॉलमध्ये जो हशा उठला, त्यानं नव्या स्लॅबची परीक्षा झाली. शेठनं डायरी मिटली. मग म्हणाला, एकवीस हजार परत करतो, मिटवू. कासाबाई म्हणाली, मजुरी तू केलीस, ती तुझी. आमचं आम्हाला आणून दे.

आठवडी बाजाराच्या दिवशी लाकूड परत आलं, कासाबाईनं मुद्दाम तोच दिवस दिला होता. तीन ट्रॅक्टर, पहिल्या ट्रॉलीत तुळयांवर बायका बसलेल्या, कुणीतरी हलगीवाला धरून आणलेला. भाजीवाले उभे राहून बघायला लागले. मी पायी चालणार होते (सचिवाला ते शोभतं), पण मला ओढून वर घेतलं. चाळीस वर्षांत मी ट्रॉलीत बसले नव्हते. तुळया एक, दोन, बावीस मोजून घेतल्या. दारं मात्र तीनच. चौथं शेठनं त्याच्या आईच्या खोलीला बसवून टाकलं होतं. मी पंचनाम्याची भाषा सुरू केली, तर कासाबाईनं मला थांबवलं. "मायच्या दाराला हात लावू नगा. किंमत कापा." किंमत कापली. शेठनं मान खाली घालून सही केली. यावेळी आधी दोनदा वाचून.

आता खिडक्या बसल्यात, फरशी चालू आहे, ठोक रकमेच्या वर गेलेला खर्च गिलावा आणि खेपांच्या मजुरीपुरता. तुमच्या पुण्यात असं काम कुणी करून दाखवलं तर मला कळव.

जास्त लिहीत नाही, कारण कागद संपला. मुलांचे पापे घे. उशी घेत जा.

तुझी,
सत्यशीलाताई

ता. क. कासाबाई जे बोलली ते मी आदल्या दिवशी ठरवून तिच्या तोंडी दिलं होतं, असं मी पूर्णेत दोन-तीन ठिकाणी सांगितलं आहे. तुला कुणी विचारलं तर हो म्हण. कासाबाईला विचारायला सांगू नकोस.

आणखी एक ता. क. संघाच्या परवाच्या बैठकीत ठराव झाला, की यापुढं करार लिहून झाल्यावर मी तो कासाबाईला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि ती हो म्हणेपर्यंत स्टॅम्प आणायचा नाही. ठराव एकमतानं मंजूर. माझंही मत त्यात धरलं आहे, असं मला नंतर कळलं.

शेवटचा ता. क. मूळ काम राहूनच गेलं. परवा हरिओमशेठ पेढे घेऊन घरी आला. म्हणाला, ताई, झालं गेलं सोडा, पण तुमच्यासारखा कागद लिहिणारं माणूस समोरच्या बाजूला असलेलं मला परवडत न्हाई, माझ्या बाजूला या. पाच हजार फी देतो म्हणाला. मी रिकामीच होते, हो म्हणाले. परभणीत एका जुन्या घराची दुरुस्ती त्यानं घेतली आहे, त्याचा करार मी कालच पूर्ण केला. घरमालकाचं नाव वाचून मला आनंद झाला, तुझे सासरे. त्यांच्या वतीनं सही तू करणार आहेस, असंही कळलं. दोन्ही प्रती सोबत जोडल्या आहेत, पाने प्रत्येकी एकोणीस. तुला मीटिंगा असतात, म्हणून वाचत बसू नकोस. पेन्सिलनं तीन ठिकाणी फुल्या केल्यात, तिथं सही करून उलट टपाली पाठव. आणि पाकीट प्रियांकाच्या हाती पडू देऊ नकोस. ती वाचून सही करणाऱ्यांपैकी आहे.