चिंधीखालचं पाणी

माय, तुला, मला आणि पूर्णेकाठच्या सगळ्या माळ्यांना एकच गोष्ट सलते: आपल्या मळ्याशेजारचा नाला खणून नेला, आणि वर आपल्यालाच विचारलं, तुमचं गेलं काय? तू गेलीस त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्या प्रश्नाचं उत्तर देत मी अकोल्यापासून अचलपूरपर्यंत सभा गाजवल्या. तुला मात्र कधी लिहिलं नाही.

ते कापसाच्या तेजीचे दिवस. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई चालू होती, हे मी पुढे पुस्तकांत वाचलं. तेव्हा एवढंच दिसायचं, की कापूसवाल्यांच्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या. कापूस न्यायला आगगाडी येणार, तिच्या पुलांना चुना लागणार, म्हणून ठेकेदाराने आपल्या नाल्यात चुनखडीची खदान उघडली. आपल्या भागात जमिनीखाली खारं पाणी. पावसाचं गोडं पाणी नाल्याच्या वाळूत नि चुनखडीत मुरायचं, तिथून आपल्या विहिरीत झिरपायचं आणि खाऱ्यावर सायीसारखं तरंगायचं. म्हणून तर मोटेच्या दोराला तू लाल चिंधी बांधली होतीस. चिंधी चाकाशी आली की मोट त्याहून खाली सोडायची नाही, मग वांगी सुकली तरी चालतील.

नालाच उपसला गेला तशी विहीर आटत चालली. तू पाटलांकडे गेलीस. ते म्हणाले, "बाई, कापसाले कुठं मोटेचं पाणी लागते? तू बी कापूस लाव. भाजीत काय ठेवलं?" "मंग आज तुमच्या ताटात सरकी वाढू काय, पाटील?" तू म्हणालीस. ओसरीवरची माणसं हसली. पाटीलही हसले. खदान चालूच राहिली.

वैशाखातल्या एका दुपारी काकाने चिंधी सोडून टाकली आणि तो पहार घेऊन विहिरीत उतरला. थोड्या वेळाने आतून ओरडला, "वयनी, पाणी लागलं! आता बोला!" वाफे तुडुंब भरले. त्या संध्याकाळी तू चुलीपाशी बसली आहेस. तुरीची डाळ रटरटते आहे आणि शिजत नाही. तू चुलीत आणखी पऱ्हाटीच्या काड्या सारतेस, एक दाणा बोटांत दाबून बघतेस. तो तसाच टणक. "वयनी, भूक लागली न. कावून शिजून नाई राहिली?" काका विचारतो. तू घागरीतलं पाणी वाटीत घेऊन त्याच्यापुढे धरतेस. तो एक घोट घेतो, आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागतो. "राहू द्या भाऊजी," तू म्हणालीस, "तुमी नसतं खणलं, तर म्या खणलं असतं."

त्या पाण्याने वांग्यांची पानं कडेने करपली, वाफ्यांवर पांढरी खपली धरली. मग ज्या खदानीने मळा नेला, तिच्याच पाट्या वाहायला तू गेलीस. भट्टीच्या चुन्याने बोटांना भेगा पडल्या, भाकरी थापताना तू मध्येच हात आखडून घ्यायचीस, आणि मी बघितलं की म्हणायचीस, "काई नाई झालं, जेव तू." पुढे खोकला लागला. त्यातून तू उठली नाहीस.

आता नाल्याच्या वरच्या अंगाला नवी खदान उघडायची म्हणताहेत. उद्या तिथल्या शेतकऱ्यांची सभा आहे. भाषण तयार आहे. पण तुला म्हणून सांगतो, डोक्यावर पाटी घेतलेली एखादी बाई उभी राहून म्हणाली, "खदान नाई, तं मंग मी खाऊ काय?", तर माझ्यापाशी उत्तर नाही. एवढं वाचूनही नाही. हे पत्र धाडायला ठिकाण नाही, ते माझ्या पेटीतच राहील. तरी उद्या मी उभा राहणार आहे, आणि एकच मागणार आहे: जमीन तुमची आहे, नाल्यापर्यंत जायला खदानीला तुमच्या शेतातून गाडीवाट देऊ नका.