हा बोल्ट काय धरतो?

दादा, आज कंपनीत नव्या गाडीचं क्ले मॉडेल, म्हणजे मातीत घडवलेली खऱ्या मापाची गाडी, उन्हात बाहेर काढलं होतं आणि दिवसभर तुमची आठवण येत राहिली. आतल्या दिव्यांखाली गाडीचं खरं रूप कळत नाही, म्हणून तिला मागच्या आवारात ढकलत नेतात आणि सगळे भोवती फिरून आपापलं मत देतात. गाडी डोंगरदऱ्यांत जायची आहे, निदान तशी दिसायची तरी आहे. चौकोनी अंग, उभी काच, गोल दिवे, मागच्या दाराला टांगलेलं जादा चाक. एकजण म्हणाला, बोनेट अजून दोन बोटं उंच हवं, पुढच्याच्या आरशात ही दिसली की त्यानं आपणहून बाजूला झालं पाहिजे. दुसरी म्हणाली, इतकी रागावलेली गाडी घेऊन मी मुलाला शाळेत सोडायला जाणार नाही. चाकांवरच्या काळ्या प्लास्टिकच्या कमानींवर बोल्ट असावेत की नकोत, यावर मला उद्यापर्यंत मत द्यायचं आहे. बोल्ट अर्थातच खोटे, नुसते दिसायला. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला सांगायची राहून गेलेली एक गोष्टही आहे, तुमच्या हातात निघून आलेल्या त्या बोल्टची, पण तिच्यापाशी यायला मला जरा वेळ लागेल.

मला खरंच कुतूहल आहे, लोकांना हे का आवडतं. मोशीत आपलं हरभऱ्याचं वावर होतं तिथे आता आमची सोसायटी आहे, आणि तिच्या पार्किंगमध्ये अशा धटिंगण गाड्या ओळीनं उभ्या असतात. एक आमच्या वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची आहे. मागे शिडी, पुढे जाड लोखंडी नळ्या. ती गाडी चिखलात गेली असलीच तर इंद्रायणीकाठच्या लॉनवर एखाद्या लग्नाला. एकदा मी विचारलंच त्यांना, हीच का घेतली. म्हणाल्या, "हिच्यात असले की मला कोणी कट मारत नाही." हे उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय. गाड्या आखणाऱ्या आमच्या स्टुडिओत इतकं सरळ कोणी बोलत नाही.

तुम्ही लेकीला दिलेली शिकवण वेगळी होती. पिंपरीच्या कंपनीत बॉडी शॉपला, गाडीचा पत्रा जोडतात तिथे, तुम्ही पत्र्यावर हात फिरवायचात. पांढरा सुती हातमोजा, नजर भलतीकडे, तळवा सावकाश दारावरून जातोय आणि मध्येच थांबून तुम्ही म्हणता, पोचा हाय. डोळ्यांना न दिसणारा पोचा तुमच्या हाताला कळायचा. घरी आईच्या डब्यांवर तोच हात, दुकानातल्या फ्रीजवरही तोच, आणि दुकानदार आपल्याकडे संशयानं बघतोय. सुट्टीच्या दिवशी मला सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही दिघीला नेता, लष्कराच्या गाड्या जाताना रस्त्याकडेला उभं राहून एकेक गोष्ट दाखवता. काच सपाट, कारण फुटली तर कुठेही कापून बसवता येते. बिजागऱ्या बाहेर, कारण वेळेला दार काढून ठेवता यावं. पुढचा हूक अडकलेल्याला ओढायला. "हिच्यावरचं समदं कायतरी काम करतं," तुम्ही म्हणता. मला गाड्यांची चित्रं काढायचा नाद लागला तो तिथूनच.

मग माझ्या कंपनीतला तो कुटुंबमेळावा. मी आखलेल्या कमानींची पहिली गाडी फुलं लावून उभी केली होती. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आला होता आणि खिशात सवयीनं दहा नंबरचा पाना होताच. तुम्ही दारावरून हात फिरवलात, मान डोलावलीत, खाली वाकून चाकापाशी बघितलंत. एक बोल्ट तुम्हाला किंचित तिरका वाटला. कुणाची तरी चूक गुपचूप दुरुस्त करावी तसा तुम्ही पाना काढून तो आवळायला गेलात, आणि प्लास्टिकची टोपी टक्कन तुमच्या हातात आली. साहेब चार पावलांवर उभे होते. तुम्ही अगदी हळू विचारलंत, "मग ह्यो बोल्ट धरतो काय?" मी दातओठ खात म्हटलं, "काही नाही धरत. ठेवा ते. माझी नोकरी घालवाल." तुम्ही टोपी माझ्या हातात दिलीत आणि मेळावा संपेपर्यंत दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरलात.

मला वर्षानुवर्षं वाटत होतं की तुम्ही माझ्या कामाला नावं ठेवलीत. परवा आई सहज बोलून गेली की माझ्या जन्माआधी तुम्ही वडापची, सीटवर प्रवासी नेणारी, जुनी जीप घेतली होती तेव्हा तिला पुढे दोन पिवळे दिवे बसवले होते, त्यांना वायरच नव्हती. मी चकित होऊन विचारलं, कशाला? आई म्हणाली, "त्यांना वाटायचं, दिव्याबिगर जीप गरीब दिसती." म्हणजे नुसतं दिसण्यासाठीही काही लावतात हे तुम्हालाही ठाऊक होतं की, दादा. तुम्ही टोमणा मारलाच नव्हता, नुसतं विचारत होता. आणि मी तुम्हाला उत्तर द्यायचं सोडून गप्प केलं.

आता ती राहिलेली गोष्ट. मेळाव्यानंतरच्या सोमवारी मी त्या गाडीवरचे बाकीचे बोल्ट अंगठ्यानं दाबून बघितले. सगळ्या टोप्या निघत होत्या. आतली खाचच कमी पडत होती, रस्त्यावर महिनाभरात त्या गळून पडल्या असत्या. खाच बदलली, साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि विचारलं, हे तुझ्या लक्षात कसं आलं. मी म्हटलं, गाडी पुसताना एक टोपी माझ्याच हातात आली. त्या संध्याकाळी तुम्ही ओट्यावर माझी वाट बघत होता. "साहेब काय म्हनले का गं, त्या बोल्टचं?" मी चप्पल काढता काढता म्हटलं, "अजून काही नाही." पुढेही दोनतीनदा तुम्ही विचारलंत, आणि मी तेच उत्तर दिलं. आईला हे वाचून दाखवावं असं मनात आलं होतं, पण मला ते जमणार नाही. तुम्ही गेलात त्या दिवसापर्यंत तुम्हाला वाटत होतं की आपण लेकीची गाडी मोडली, आणि त्या मेळाव्यानंतर तुम्ही कुठल्याच गाडीवर हात फिरवला नाहीत, हे मला दिसत होतं.