स्वीडिश पाट्या

बाबा, हे पत्र मी नऊ वर्षं टाळतोय. एक काम धड पुरं करत नाहीस, असं तुम्ही असतात तर म्हणाला असतात. नाही करत. कॉलेज सोडलं, तीन नोकऱ्या सोडल्या. पण आज मी इतका चिडलोय की हे संपवणारच.

आई गेल्यावर दुबईत कुसैसच्या घरात आपण तिघंच, तुम्ही, ताई आणि मी. शुक्रवारी दुपारी पडदे ओढून तुम्ही ती कॅसेट लावायचात. साइटवरचा स्वीडिश इंजिनियर जाताना देऊन गेलेला मूकपट. "बघा, हा डायरेक्टर बर्फाकडूनसुद्धा अ‍ॅक्टिंग करून घेतो. याच्या कितीतरी फिल्म्स जळून खलास, तरी लोक अजून याच्याकडूनच शिकतात." मधेमधे स्वीडिश अक्षरांच्या पाट्या यायच्या, त्या तुम्ही मराठीत वाचायचात. पळून जाऊन लग्न केलेली मुलगी गोठलेलं तळं तुडवत घरी येते, तिचा म्हातारा बाप दार उघडतो, आणि पाटी: "ये. ताट वाढलंय, निवतंय." ताई दर वेळी रडायची. तुम्ही तिथेच टेप थांबवायचात, पुढची खराब आहे म्हणून. आणि मी शाळेत सांगत फिरायचो, आमच्या बाबांना स्वीडिश येतं!

मग ताईने शारजातल्या मल्याळी मुलाशी लग्न केलं. भर उन्हात ती दाराशी आली, तेव्हा साखळी न काढता फटीतून तुम्ही म्हणालात, "मला मुलगी नाही." मी मागे उभा होतो.

काल ऊन चुकवायला बर दुबईतल्या एका हॉलमध्ये शिरलो. फुकट शो, एसी, आणि पडद्यावर तीच फिल्म, खाली इंग्रजी. म्हातारा दार उघडतो. पाटी: "माझी मुलगी मेली." दार बंद. टेप खराब नव्हतीच! तुम्हाला भाषा येत नव्हती, पण म्हाताऱ्याचा चेहरा वाचता येत होता. हा डायरेक्टर सगळं चेहऱ्यावर लिहितो, हे तुम्हीच शिकवलंत ना? परक्या म्हाताऱ्याच्या तोंडी चांगल्या बापाचे शब्द घालायला जमलं, आणि स्वतःच्या दारात बरोबर खरी पाटी वाचलीत. का?

इथे बेल वाजली. लाँड्रीवाला असेल म्हणून उठलो. दारात ताई. पत्ता कुठून मिळवला कोण जाणे. सोबत सात-आठ वर्षांची पोर, "मम्मा, इज धिस युअर ब्रदर?" ताई चप्पलही न काढता म्हणाली, "बाबा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का रे?"

तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात. मी म्हणालो, "बोलले ना. ये म्हणाले. ताट वाढलंय, निवतंय."

तिने चप्पल काढली. मग म्हणाली, "म्हणजे तुलाही स्वीडिश येतं तर."

आता ती आत हात धुतेय. वाढायला घरात दोनच अंडी आहेत, बाबा.